स्टेशनाबाहेरचे अंतर

शिरढोण म्हटले की आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके आठवतात. पनवेल तालुक्यातील, कर्नाळ्याजवळचे हे गाव. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी त्यांचा जन्म येथे झाला. आजचा धागा मात्र त्यांच्या बंडाविषयी नाही. एका साध्या प्रश्नाविषयी आहे. परक्या शहरात गाडीतून उतरल्यावर माणूस मुक्कामाला जात असे कोठे? आणि तेथपर्यंत त्याला नेत असे कोण?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील तीन अत्यंत बोलके प्रसंग रेल्वे स्टेशन आणि मुक्कामाची जागा यांमधल्या थोडक्या अंतरातच घडले आहेत. तिन्ही प्रसंगांतील प्रवासी एकच आहे.

आधी वासुदेव बळवंतांचेच उदाहरण घेऊ. त्यांच्या तरुणपणी पनवेलला रेल्वे नव्हती. या बाजूचा माणूस मुंबईला निघाला की पनवेलच्या बंदरातून मचवा धरी. बोरघाटातून पुण्याकडे जाणारी लोहमार्गाची वाट १८६३ साली खुली झाली आणि त्यानंतर दोनच वर्षांनी लष्करी हिशेबाच्या कचेरीतील नोकरीनिमित्त वासुदेव बळवंत पुण्यास आले. पुढे सदाशिव पेठेत नरसोबाच्या देवळाच्या परिसरात त्यांचे बिऱ्हाड होते. त्या काळच्या कोकणी ब्राह्मण तरुणाच्या दृष्टीने यात नवल काहीच नव्हते. शहर परके असले तरी त्या शहरात आपली पेठ असे, गाववाला असे, दूरचा का होईना आते-मामेभाऊ असे. तोही नसला तर देवळाची ओवरी असे, आणि जेवणाची सोय ब्राह्मणी खाणावळीत होई. ज्याला आज आपण ‘बुकिंग’ म्हणतो, ते काम आडनाव करीत असे.

ही व्यवस्था केवळ ब्राह्मणांची नव्हती. व्यापारी जातींनी आपापल्या धर्मशाळा बांधल्या, मुसलमान प्रवाशांसाठी मुसाफिरखाने होते, पारशांच्या स्वतःच्या धर्मशाळा होत्या, साहेबासाठी डाक बंगला होता. दारावर पाटी असो वा नसो, आत कोणाला घ्यायचे हे ठरलेले असे. पुढे मुंबईत क्रॉफर्ड मार्केटाजवळ ‘सरदारगृह’ उभे राहिले. लोकमान्य टिळकांचा मुंबईतील मुक्काम तेथे असे आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधनही तेथेच झाले. पुण्याहून मुंबईस येणाऱ्या त्या वर्गातील पाहुण्याला कोठे उतरावे याची विवंचना नव्हती.

आता रेल्वेकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी सुटली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’ या वृत्तपत्रात कार्ल मार्क्स याने भाकीत केले, की रेल्वेमागोमाग येणारे आधुनिक उद्योग हिंदुस्थानातील पिढीजात श्रमविभागणी, म्हणजे जातिव्यवस्थेचा पायाच, विरघळवून टाकतील. भाकितामागे तर्क होता. तिकिटाच्या खिडकीवर जात विचारीत नसत. तिसऱ्या वर्गाच्या बाकावर शेजारी कोण बसला आहे, हे कळायला मार्ग नसे. कळले तरी धावत्या गाडीतून उठून जायचे कोठे?

मार्क्सच्या हिशेबातून एक गोष्ट निसटली, असे मला वाटते. गाडी स्टेशनापर्यंतच जाते. फलाट सरकारचा होता. फाटकाबाहेर उभी असलेली बैलगाडी, टांगा आणि पलीकडची खाणावळ ही समाजाची होती.

पहिला प्रसंग सुमारे १९०१ सालचा, सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनावरचा. रामजी सकपाळ हे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार तेव्हा खटाव तालुक्यात रोखपाल म्हणून काम करीत होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदायला घेतला होता. साताऱ्यास आत्याजवळ राहणाऱ्या मुलांना त्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत बोलावून घेतले. धाकटा भीमराव त्या वेळी नऊ-दहा वर्षांचा. बरोबर थोरला भाऊ आणि बहिणीची मुले. आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास. त्यासाठी नवे कपडे शिवले गेले, झगमगीत टोप्या आल्या, नवे जोडे आले.

संध्याकाळी पाचच्या सुमारास मुले मसूरला उतरली. घ्यायला कोणी आले नव्हते. हळूहळू फलाट रिकामा झाला. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. पोशाखावरून आणि बोलण्यावरून ही ब्राह्मणांची मुले असावीत, असा त्यांचा समज होता. तुम्ही कोण, असे विचारताच लहानग्या भीमरावाने सरळ सांगून टाकले, आम्ही महार आहोत. स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला आणि ते आपल्या खोलीत निघून गेले.

बाहेर भाड्याच्या बैलगाड्या पुष्कळ होत्या. दुप्पट भाडे देऊ केले तरी एकही गाडीवान तयार होईना. अखेर तोडगा काढला तो स्टेशनमास्तरांनीच. मुलांनी दुप्पट भाडे द्यावे, गाडी स्वतः हाकावी आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे. म्हणजे गाडीवानाला पैसा मिळणार आणि विटाळही टळणार! या माणसाला काय म्हणावे? त्याने मुलांना रात्री उघड्यावर टाकले नाही, हे खरे. पण नियम मोडण्याचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. नियमात बसेल अशी वाट तेवढी त्याने शोधली. पुढच्या दोन्ही प्रसंगांत हीच वृत्ती वेगवेगळ्या वेशांत भेटते, म्हणून येथे थोडा थांबलो.

पुढचा प्रवास रात्रभर लांबला. बरोबर शिदोरी होती. पाणी मात्र कोणी देईना. टोलनाक्यावर पाणी मागताना आपण मुसलमान आहोत असे सांगा, हा सल्ला गाडीवानाचा. तसे सांगूनही पाणी मिळाले नाही. भरल्या डब्यांसमोर मुले उपाशी झोपली आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास वडिलांकडे पोचली. चूक कोणाची होती? मुलांचे पत्र घरी आले होते. नोकराने ते रामजींना दिलेच नव्हते. एक पत्र हरवले तर इतर कोणाच्या मुलांना फार तर तासभर खोळंबावे लागले असते.

दुसरा प्रसंग सोळा वर्षांनंतरचा, १९१७ सालचा. मधल्या काळात भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आले होते. शिक्षणाचा खर्च बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी केला होता आणि त्या बदल्यात संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. करार पाळण्यासाठी ते बडोद्याच्या स्टेशनावर उतरले. हे शहर त्यांनी अगदीच पाहिले नव्हते असे नाही. १९१३ च्या आरंभी नोकरीनिमित्त ते थोडे दिवस येथे होते. तरीही या खेपेस फलाटावर उभे असताना त्यांच्यापुढे प्रश्न होता तो मसूरचाच. जायचे कोठे?

परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. ती परत आली स्टेशनावर. शहरात हिंदू खाणावळी होत्या. तिकडे त्यांना ‘विशी’ म्हणत. तेथे जागा मिळवायची तर जात लपवावी लागली असती, आणि उघडकीस आल्यावर काय होईल हे त्यांना ठाऊक होते. अमेरिकेत बरोबर शिकलेले काही मित्र बडोद्यात होते. पण दारात उभे राहिल्यावर ते स्वागत करतील की अवघडतील, याची खात्री वाटेना. ते स्टेशनाच्या छपराखाली बराच वेळ उभे राहिले. सगळे उतारू निघून गेले. ज्यांना भाडे मिळाले नव्हते असे मोजके गाडीवाले तेवढे उरले. त्यांतल्या एकाला त्यांनी विचारले, कॅम्पात एखादे हॉटेल आहे का? तो म्हणाला, पारशांची एक धर्मशाळा आहे, पैसे घेऊन जागा देतात.

आंबेडकरांना आनंद झाला. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, तेव्हा तेथे काही अडचण यायची नाही, असा त्यांचा हिशेब होता.

दुमजली इमारत. खाली एक वृद्ध पारशी आपल्या कुटुंबासह राहत होता, तोच व्यवस्थापक. पाहुण्याच्या अंगावर सदरा आणि कस्ती नाही, हे त्याच्या लक्षात आले. धर्मशाळा पारशांपुरतीच होती. पण ती ओस पडलेली होती, आणि दिवसाचे दीड रुपये भाडे हातचे जाऊ देणे व्यवस्थापकाच्या जिवावर आले. अखेर पारशी नावाने वहीत नोंद झाली आणि खोली मिळाली. विशीत जे सोंग घ्यायला आंबेडकर तयार नव्हते, तेच येथे घ्यावे लागले.

त्या खोलीचे वर्णन त्यांनी बारकाईने केले आहे. वरच्या मजल्यावर एक लहानशी निजायची खोली, नळ असलेली छोटी न्हाणी आणि उरलेला सगळा मजला म्हणजे मोडक्या खुर्च्या, बाके, फळ्या यांनी भरलेले दालन. विजेचा दिवा नाही, रात्री कंदील. दुसरा पाहुणा नाही. दिवसभर महालेखापालांच्या कचेरीत काम करावे आणि रात्री त्या अंधाऱ्या अडगळीत कंदिलाशी पुस्तक घेऊन बसावे. संस्थानाकडे बंगल्यासाठी केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत होता.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघण्याच्या तयारीत होते. जिन्यावर पावले वाजली. हातात काठ्या घेतलेले डझनभर धिप्पाड, संतप्त पारशी दारात उभे राहिले. प्रश्नांची सरबत्ती झाली आणि शेवटी हुकूम सुटला, संध्याकाळपर्यंत धर्मशाळा सोडायची. तोवरच्या अवधीत त्यांनी दोन मित्रांना विचारून पाहिले. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राला पत्नीचा विचार घ्यायचा होता. ते पती-पत्नी दोघेही मूळचे ब्राह्मण, हे आंबेडकरांना नंतर कळले. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कमाटी बागेत काढले.

वासुदेव बळवंतांची आठवण मला येथे पुन्हा होते. जुलै १८७९ मध्ये विजापूरकडच्या देवर नावदगी येथे मेजर डॅनियलने त्यांना पकडले. डोक्यावर इनाम लागलेला, तापाने फणफणलेला फरारी. आणि तो सापडला एका देवळात झोपलेला. सरकारचा शत्रू असूनही देवळात पाठ टेकण्याचा अधिकार त्यांना कोणी नाकारलेला नव्हता. यात त्यांना उणेपणा देण्याचा हेतू नाही. रामोशी, मांग अशा समाजांतील तरुणांना बरोबर घेऊन लढणारा तो माणूस होता. पण खुद्द महाराजांच्या चाकरीसाठी आलेल्या, दोन खंडांत शिकलेल्या पंडिताला त्याच काळाच्या दुसऱ्या टोकाला एक भाड्याची खोली अकरा दिवसांवर टिकवता आली नाही. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत.

तिसरा प्रसंग चाळीसगावचा, ऑक्टोबर १९२९ मधला. आता आंबेडकर बॅरिस्टर होते, मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते आणि अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचेही सदस्य होते. धुळ्याच्या बाजूला एका गावातील सामाजिक बहिष्काराची चौकशी करून ते परतत होते. चाळीसगावच्या अस्पृश्य बांधवांनी आग्रह केला, एक रात्र आमच्याकडे राहा. या वेळी मुक्कामाची जागा प्रेमाने वाट पाहत होती. अडचण मधल्या रस्त्याची होती.

स्टेशनाबाहेर टांगे असूनही तासभर ताटकळावे लागले. मग एक टांगा आला. थोडे अंतर जाताच तो एका मोटारीवर आदळता आदळता राहिला. पुढे नदीवरच्या पुलाला कठडा नव्हता. कडेला अंतराअंतरावर दगड बसवलेले होते. त्यांत चाक अडकले. आंबेडकर दगडी फरसबंदीवर फेकले गेले, घोडा टांग्यासह खाली गेला. पायाचे हाड मोडले, अंगभर जखमा झाल्या.

उलगडा नंतर झाला. महाराला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले होते. पाहुण्याने पायी जावे, हे वस्तीतल्या लोकांना रुचेना. तेव्हा तडजोड झाली, टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. वस्तीतला एक जण पुढे झाला; त्याने टांगा कधी हाकलाच नव्हता. मसूरच्या स्टेशनमास्तरांची युक्ती अठ्ठावीस वर्षांनी जशीच्या तशी! फरक इतकाच, की रात्री बैल सावकाश चालत होते आणि येथे घोडा होता.

हे तिन्ही प्रसंग आंबेडकरांनी १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत लिहून ठेवले; ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ते टिपण त्यांच्या निधनानंतर, १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. व्हिसाची उपमा नेमकी आहे. स्वतःच्याच देशात फलाट ओलांडताना परवाना लागत होता आणि तो देणारी कचेरी कोठेच नव्हती.

याच वर्षांत ही वाट मोकळी करण्याचे प्रयत्नही चालू होते. कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी १९१९ मध्ये धर्मशाळा, पाणवठे अशी सार्वजनिक ठिकाणे अस्पृश्यांना खुली करण्याचे हुकूम काढले. हुकूम काढणे सोपे, पाळले जाणे अवघड, हे महाराज जाणून होते. म्हणून गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले तेव्हा ते स्वतः तेथे थांबून चहा पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. मला हा चहा हुकुमापेक्षा अधिक परिणामकारक वाटतो, कारण महाराजांनी घेतलेला पेला मानकऱ्यांना नाकारता येत नव्हता.

मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. महाडच्या चवदार तळ्यामुळे तो पाण्याच्या संदर्भात लक्षात राहिला. पण सार्वजनिक पैशांतून बांधलेल्या धर्मशाळाही त्यात होत्या, हे सहसा सांगितले जात नाही.

आणि महाड म्हणजे आपलाच कुलाबा जिल्हा. शिरढोणावरून पेणमार्गे जाणारा रस्ता पुढे तेथेच पोचतो. डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या परिषदेसाठी सत्याग्रही मुंबईहून निघाले, तेव्हा धरमतरला उतरून मोटारीने महाड गाठणे हा जवळचा मार्ग होता. त्यांनी तो घेतला नाही. बसमालकांनी बहिष्कार घातला तर करायचे काय? म्हणून ‘पद्मावती’ बोटीने समुद्रातून लांबचा वळसा घेऊन ते दासगावला उतरले. तेथून महाड पाच मैल. वाहन नाही मिळाले तर चालत जाता येईल असे. आणि ते चालतच गेले. परिषदेच्या मंडपाला जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी. सत्याग्रहाची आखणी करताना शेवटच्या पाच मैलांचा विचार आधी करावा लागत होता. मसूर आणि बडोदा विसरलेला माणूस अशी आखणी करणार नाही.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत भेदभावाला मनाई करणारे कलम मंजूर झाले. अंतिम संविधानात ते पंधरावे आहे. त्याच्या दुसऱ्या उपकलमात समतेच्या मोठ्या तत्त्वाशेजारी अगदी रोजच्या जागांची नावे येतात. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले. मग विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. राज्यघटनेसारख्या गंभीर दस्तऐवजात ‘हॉटेल’ हा शब्द काय करतो, असे नव्या वाचकाला वाटू शकते. मसुदा समितीच्या अध्यक्षांनी बडोद्याच्या स्टेशनावर कोणता प्रश्न विचारला होता, हे आठवावे. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना येथे जागा नाकारणे शिक्षापात्र ठरवले. सार्वजनिक वाहनात बसू न देणेही त्याच कायद्यात आले. मसूरची बैलगाडी आणि चाळीसगावचा टांगा आता कायद्याच्या कक्षेत होते.

बडोद्याची कमाटी बाग आज सयाजीबाग म्हणून ओळखली जाते. जेथे ते पाच तास गेले, ती जागा ‘संकल्पभूमी’ म्हणून जपली आहे. दर २३ सप्टेंबरला तेथे लोक जमतात. त्यांतले कित्येक गाडीने येतात, त्याच स्टेशनावर उतरतात आणि बाहेर येऊन रिक्षाला हात करतात.